जुनी दगडी: ट्यूब आत्ता सोडायची की गाय आटवताना?

दगडी, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज, बरी झाली म्हणावं, तर महिन्याभरात त्याच सडातून पुन्हा गुठळ्या येतात. मग गाय दुधात असतानाच सडात पुन्हा औषधाची ट्यूब सोडायची की गाय आटवेपर्यंत, म्हणजे विण्याआधी तिची धार बंद करेपर्यंत, थांबायचं? माझ्या मते सूज किती मोठी यापेक्षा ती किती जुनी, हे आधी बघावं.

नव्या दगडीत कास गरम, लाल, दुखरी होते. पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात आणि जंतू मेले की सूज उतरते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू मात्र या पेशींच्या पोटातही तग धरतो आणि कासेत बारीक गळवं करतो. शरीर त्याभोवती तंतूंचं कुंपण घालत राहतं, दूध बनवणारा भाग आक्रसत जातो. धार काढल्यावर रिकामी कास चाचपून बघा. निरोगी भाग मऊ, लोंबता लागतो. जुना भाग टणक, आत गाठी. त्या गाठींत औषध पुरेसं शिरत नाही, म्हणून ट्यूब सोडली की दूध चार दिवस स्वच्छ दिसतं आणि दुखणं परततं.

पहिल्या-दुसऱ्या वेताची गाय, एकच सड, लागण ताजी, गाठ नाही: मग आत्ताच उपचार करा, कोर्स पूर्ण करा. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिए हा जंतू निघाला तर तो गाय दुधात असतानाही पेनिसिलिनला चांगली दाद देतो. म्हणून आधी दुधाची तपासणी. औषधाचे दिवस आणि पुढचा वर्ज्य काळ दूध विकता येत नाही, हा तोटा धरूनच चाला.

गाठी झाल्या असतील, पण गाय खातेपिते, ताप नाही, तर आटवतानाची ट्यूब सरस. विण्याआधीच्या साधारण 60 दिवसांत धार नसल्याने औषध धुऊन जात नाही, आठवडेच्या आठवडे कासेत राहतं. नव्या लागणीलाही आळा बसतो. पण तोवर ही गाय इतरांना लागण देऊ शकते. तिची धार शेवटी काढा, कापड वेगळं ठेवा, धारेनंतर सड औषधात बुडवा.

ताप असेल, गाय चारा सोडत असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

वय झालेली गाय, दोन-तीन सड टणक, आटवतानाची ट्यूबही देऊन झालेली: इथे आणखी औषधावर पैसा घालू नये. एकच सड कायमचा गेला असेल, तर तेवढाच आटवून टाकता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. आणि अशी गाय विकायचीच झाली, तर घेणाऱ्याला दगडीचं स्पष्ट सांगा. नाहीतर त्याच्या गोठ्यातल्या चांगल्या गाईही आजारी पडतील.