बालन्यूमोनियातील विषाणूंची तपासणी : राजारामपुरीतील एका प्रयोगशाळेविषयी

पावसाळ्यात चंदगड, राधानगरी, गगनबावड्याहून धाप लागलेली जी बाळे कोल्हापुरात आणली जातात, त्यांपैकी काहींच्या एक्स-रेमध्ये न्यूमोनिया स्पष्ट दिसतो, पण ब्लड कल्चरमध्ये (रक्तातील जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काहीच वाढत नाही आणि कारण न कळल्यामुळे एकामागून एक प्रतिजैविके दिली जातात. अशा दाखल मुलांसाठी मी, एक बालरोगतज्ज्ञ, राजारामपुरीतील एका खासगी प्रयोगशाळेची मल्टिप्लेक्स पीसीआर तपासणी (एकाच नमुन्यात अनेक विषाणूंचे जनुकीय अंश शोधणारी) वापरतो. ती मला विश्वासार्ह वाटते.

नाकातून घशाच्या मागच्या भागापर्यंत घातलेल्या एकाच स्वॅबवर आरएसव्ही (लहान बाळांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा एक विषाणू), इन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस, ऱ्हायनोव्हायरस यांच्याबरोबरच २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला मेटान्यूमोव्हायरस आणि २००५ मध्ये स्वीडनमध्ये सापडलेला बोकाव्हायरसही शोधला जातो. नेहमीच्या पेशीसंवर्धनात (प्रयोगशाळेत पेशींवर विषाणू वाढवण्याच्या पद्धतीत) हे शेवटचे दोन विषाणू सहजी हाती लागत नसत, म्हणून पूर्वी अशा मुलांच्या केसपेपरवर ‘कारण अज्ञात’ एवढेच लिहिले जाई.

स्वॅब घेणारे कर्मचारी कुशल आहेत आणि नमुना बर्फाच्या डब्यातूनच नेतात. तथापि या सेवेचे खरे मोल अहवालानंतरच्या फोनमध्ये आहे. ऱ्हायनोव्हायरस निरोगी मुलांच्या नाकातही आढळतो, बोकाव्हायरस तर आजार बरा झाल्यावरही आठवडेच्या आठवडे सापडत राहतो, आणि स्वॅब फुफ्फुसातला नसून नाकातला असतो. त्यामुळे सापडलेला विषाणू हेच न्यूमोनियाचे कारण, असे लगेच म्हणता येत नाही. येथील सूक्ष्मजीवतज्ज्ञ ताप कधीपासून आहे, घरात आणखी कोणाला खोकला आहे का, हे आवर्जून विचारतात आणि सीटी मूल्यावरून (विषाणू दिसेपर्यंत लागलेली पीसीआरची आवर्तने; ती जितकी कमी, तितका विषाणू जास्त) विषाणूचे प्रमाण कमी की जास्त तेही सांगतात. निरोगी मुलांत क्वचितच आढळणारा आरएसव्ही सापडला आणि जिवाणूसंसर्गाची लक्षणे नसली, तर प्रतिजैविक थांबवून ऑक्सिजन व द्रवपदार्थांवर भर देण्याचा निर्णय मला निश्चिंतपणे घेता येतो. इन्फ्लुएन्झा निघाल्यास ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध वेळेत सुरू होते.

छापील अहवालात मात्र यातले काहीच नसते. लाल अक्षरांतले ‘पॉझिटिव्ह’ पाहून आईवडील हादरतात, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. तेथे मराठीत दोन ओळींचा खुलासा छापायलाच हवा. खर्चही काही हजारांत जातो, म्हणून साध्या सर्दी-खोकल्यासाठी ही तपासणी करून घेऊ नये. ऑक्सिजन लागलेल्या बाळाची मात्र ती पहिल्या एक-दोन दिवसांतच करावी, कारण पुढे विषाणूचे प्रमाण घटत जाते.