बुचाभोवतीचं पांढरं मीठ दिसेनासं झालं, तेव्हाच कळायला हवं होतं

पीएच मीटरच्या (आम्लता मोजायच्या यंत्राच्या) सर्व्हिसच्या नावाखाली मी फसलो, ७६,३१० रुपयांना. आकडा आधीच सांगतो, कारण "किती गेले?" हे प्रत्येक जण विचारतो आणि मग "एवढे?" म्हणून माझ्याकडे बघतो.

भोसरी एमआयडीसीत आमचं निकेल प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. वडिलांनी सुरू केलं, मी बी.कॉम. करून गल्ल्यावर बसलो. केमिस्ट ठेवणं परवडत नाही. बाथचा, म्हणजे ज्या द्रावणात वस्तू बुडवून निकेल चढवतो त्याचा, पीएच ३.५ ते ४.५ मध्ये ठेवायचा, चालू बाथमध्ये तो आपोआप वर चढतो, म्हणून रोज मोजून थोडं थोडं सल्फ्युरिक ॲसिड टाकायचं, एवढं मला कळतं. त्यासाठी एक जुना नॉबवाला पीएच मीटर आणि दोन इलेक्ट्रोड (द्रावणात बुडवायच्या, टोकाला काचेचा गोळा असलेल्या कांड्या). निकेलच्या केबलला पिवळी टेप, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीच्या) केबलला हिरवी.

जूनमध्ये एक 'सर्व्हिस इंजिनिअर' आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, मराठी अगदी पेठेतलं. एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) १४,५००, वर जीएसटी, एकूण १७,११०. दर महिन्याला क्लीनिंग, कॅलिब्रेशन (मीटर बरोबर दाखवतोय का ते तपासून जुळवणं), सर्टिफिकेट. आमच्या कस्टमरचा ऑडिटर सर्टिफिकेटसाठी डोकं खात होता, आई तेव्हा दवाखान्यात होती. सही केली. त्या आठवड्यात तुम्हीही केली असती.

पहिल्याच दिवशी त्याने हिरव्या टेपचा इलेक्ट्रोड घेतला, काचेचा गोळा कोरड्या फडक्याने खसाखसा पुसला आणि लगेच बुडवला. आकडा नाचायला लागला. "हा बाद, सर." स्क्रॅपचे म्हणून ७०० रुपये रोख माझ्या हातात ठेवले आणि इलेक्ट्रोड बॅगेत टाकला. मला वाटलं, काय प्रामाणिक माणूस! (काच अशी घासली की तिच्यावर स्थिर वीज चढते आणि चांगला इलेक्ट्रोडही थोडा वेळ वेड्यासारखा वागतो. पाण्याने धुवायचा आणि टिश्यूने फक्त टिपायचा. हे मला डिसेंबरात कळलं.) ईटीपीला मग पीएच पेपर चालू केला.

आता ते, ज्याच्यासाठी मी अजून रात्री जागा होतो. इलेक्ट्रोड ठेवायच्या पाण्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. बुचाजवळून ते जरा जरा झिरपतं, सुकतं आणि पांढरं मीठ धरतं. पंधरा वर्षं बघतोय. आमचा हेल्पर रोज कुरकुरत ते पुसायचा. या माणसाने स्वतःच्या 'स्टोरेज सोल्यूशन'च्या दोन बाटल्या दिल्या, ९५० ची एक, १,९०० रुपये. त्यानंतर मीठ धरायचं बंद झालं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, टेबल चकाचक. हेल्पर म्हणाला, "शेठ, भारी औषध दिलंय, डागच पडत नाही." आणि मी, हो मीच, म्हणालो, "बघ, चांगला माल असा असतो."

डाग पडणार कुठून, बाटलीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर होतं. त्यात इलेक्ट्रोड ठेवला की आतलं मीठ आणि काचेवरच्या ओल्या थरातले आयन पाण्यात उतरत राहतात. मग आकडा यायला वेळ लागतो, स्लोप (एका पीएचच्या फरकाला इलेक्ट्रोड किती मिलिव्होल्ट देतो ते) पडतो. ऑक्टोबरपर्यंत पिवळ्या टेपचा इलेक्ट्रोड खरोखरच मंदावला. आधी त्याच्या पाण्याने बिघडला आणि मग त्यानेच 'नवा' दिला, ११,८०० ला.

दिवाळीनंतर जॉब जळके यायला लागले. कडेला खरखर, वाकवला की निकेलचा पापुद्रा सुटतो. मीटर म्हणतोय ४.२. ब्राइटनर (चकाकीचं केमिकल) बदलला, बाथ गाळला, हेल्परला शिव्या दिल्या (त्याची माफी मागून झाली आहे). कस्टमरने २९,४०० ची डेबिट नोट मारली, सगळं उतरवून पुन्हा प्लेटिंग करायला १६,८०० गेले.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो एम.एस्सी. करतोय. येताना त्याने सीलबंद पुडीचे बफर (ज्यांचा पीएच पक्का ठरलेला असतो अशी द्रावणं) आणले. मीटर मिलिव्होल्टवर टाकला. ७.०० च्या बफरमध्ये उणे २२, ४.०१ मध्ये अधिक १३४. फरक १५६. २५ अंशाला एका पीएचला ५९.१६ मिलिव्होल्ट हवेत, म्हणजे इथे १७७. स्लोप ८८ टक्के. ९५ च्या खाली गेला की संशय घ्यायचा, असं तो म्हणाला. 'नवा' इलेक्ट्रोड! मग तो माणूस कॅलिब्रेशनसाठी ठेवून गेलेल्या बफरच्या रंगीत बाटल्या मोजल्या. पिवळ्या '७' मध्ये ७.५, लाल '४' मध्ये ४.६. मीटर ४.२ दाखवत होता तेव्हा बाथ ४.८ च्या आसपास होता आणि आम्ही ॲसिड टाकतच नव्हतो. नॉबवाल्या मीटरला काय, पिळाल तसा आकडा येतो. त्याने स्लोपचा नॉब जवळजवळ टोकापर्यंत पिळलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. कॅलिब्रेशन करणाऱ्याला त्याचे बफर वापरू देऊ नका. आपली पुडी, आपल्यासमोर फोडायची, आणि नॉबला हात लावण्याआधी मिलिव्होल्ट लिहून घ्यायचे.

भाचा केबल पुसत होता, तिथे त्याच्या बोटाला चिकट लागलं. हिरव्या टेपचा चिकटा. माझाच ईटीपीचा इलेक्ट्रोड! ७०० ला घेतला आणि ११,८०० ला मलाच विकला. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवल्यावर सकाळी तो ९५ टक्क्यांवर आला. मेलाच नव्हता. लिटरला २२४ ग्रॅम पावडर, एवढंच ते 'औषध', घरी बनतं. इलेक्ट्रोडवरचा नंबर आल्या दिवशी वहीत उतरवा. मी उतरवला नव्हता.

चौकीत गेलो. "इलेक्ट्रोड? वेल्डिंगचा का?" नाही म्हटलं. "मग वेल्डिंग रॉडला अकरा हजार कसे दिले?" पुन्हा समजावलं. तीन वेळा. शेवटी उत्तर आलं की हा दिवाणी मामला आहे. बिलावरचा पत्ता कात्रजचा, तिथे झेरॉक्सचं दुकान निघालं. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे भोसरीत दिले, भोसरीत जा. इकडचं आयुक्तालय वेगळं, तिकडचं वेगळं, मध्ये मी आणि माझी स्कूटर, चार खेपा. ऑनलाइन तक्रार केली, नवव्या दिवशी 'निकाली' असा मेसेज. काय निकाली? ग्राहक आयोगाच्या खिडकीवर कळलं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला आणि सेवेला ग्राहक धरत नाहीत, स्वयंरोजगार सिद्ध करा; सहा कामगार आहेत म्हटल्यावर कागद परत सरकवला. म्हणजे सहा घरं चालवतो हा माझा गुन्हा. एका सरकारी कचेरीत साहेबांनी सर्टिफिकेट उलटसुलट बघून विचारलं, "छपाई चांगली आहे, तुम्हाला खोटं का वाटतं?"

खोटं का, ते ऐका. एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) शिक्का होता, पण यूएलआर नंबर (प्रत्येक सर्टिफिकेटचा स्वतंत्र ओळख नंबर) नव्हता. बफरचा लॉट नंबर नाही, तापमानाची जागा कोरी. जीएसटी नंबर २४ ने सुरू होतो, म्हणजे गुजरातचा, आणि बिल पुण्याचं, वर एकाच राज्यातल्या विक्रीला लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला. आमच्या अकाउंटंटने हे मार्चमध्ये दाखवलं. मार्चमध्ये! त्यालाही बोललो, पण बिल तर माझ्याच हातात आधी आलं होतं.

फोन बंद आहे. मात्र चाकणच्या एका ओळखीच्याकडे असाच इस्त्रीचा शर्ट येऊन गेला असं कळलंय. चौकीतला हवालदार म्हणाला, अजून दोन-तीन जण आणा, मग बघू. म्हणून लिहिलं. चाकण, रांजणगाव, पिरंगुट, कुणाकडेही २४ च्या जीएसटी नंबरचं असं बिल आणि मीठ न धरणारी बाटली असेल, तर फेकू नका. माझ्या दोन्ही बाटल्या सील करून ठेवल्यात, एकीत अजून तळाला बोटभर पाणी आहे.