‘आर्टिक्युलट’साठी कोणता ऑनलाइन कोश उघडावा?

कोशाची परीक्षा घ्यायला ‘आर्टिक्युलट’ हे इंग्रजी विशेषण उत्तम. मुळात लॅटिन ‘आर्टिक्युलस’, म्हणजे छोटा सांधा. सांध्यासांध्याने सुटं केलेलं बोलणं ते स्पष्ट बोलणं, असा अर्थ पुढे सरकला.

रोजच्या वापराला ऑक्सफर्ड लर्नर्स सगळ्यांत सोयीचा. आपलं म्हणणं नीट शब्दांत मांडणारा माणूस आणि शब्दन्‌शब्द कळेल असं बोलणं, हे दोन अर्थ तो वेगळे देतो. त्याच स्पेलिंगचं क्रियापद मात्र वेगळ्या पानावर आहे, आणि घोळ तिथेच होतो. समोर येईल त्या पानावर स्पीकरचं चिन्ह दाबलं की भलताच उच्चार पाठ होतो. क्रियापद संपतं ‘लेट’वर, विशेषण ओझरत्या ‘लट’वर, आघात दोन्हीकडे ‘टिक्’वर. म्हणून आधी शब्दाची जात बघावी, मग ऐकावं. केंब्रिजची व्याख्या आटोपशीर आहे, घाईत पुरते.

नुसतं ‘स्पष्ट’ एवढं लक्षात ठेवणारे हमखास फसतात. फोटो किंवा काच ‘आर्टिक्युलट’ नसते, तिथे ‘क्लिअर’. सुवाच्य अक्षराला ‘लेजिबल’. हे विशेषण शोभतं ते वक्त्याला, उत्तराला, युक्तिवादाला. ‘फ्लुएंट’शीही गल्लत नको: न अडखळता अर्धा तास बोलूनही मुद्दा हाती लागत नसेल तर माणूस फ्लुएंट खरा, आर्टिक्युलट नव्हे. नामासाठी ‘आर्टिक्युलसी’ घ्यावं. ‘आर्टिक्युलेशन’ हे क्रियापदाचं नाम, उच्चारण किंवा सांधा या अर्थाचं.

कौतुक करतानाही जपून. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला हे विशेषण लावलं तर ‘तुमच्याकडून अपेक्षा नव्हती’ असा वास येतो. 2007 मध्ये बराक ओबामांबद्दल ते वापरून जो बायडन टीकेचे धनी झाले होते.

सांध्यांचा अर्थ हवा असेल तर मेरियम-वेबस्टर गाठावा. तिथे ‘सांध्यांनी जोडलेल्या खंडांचा’ हा अर्थ विशेषणाखालीच मिळतो. प्राणिशास्त्रात तो जिवंत आहे: ज्या ब्रॅकिओपॉडचे, म्हणजे शिंपल्यांत राहणाऱ्या समुद्री प्राण्याचे, दोन शिंपले दात आणि खाचांच्या बिजागरीने जुळतात, ते आर्टिक्युलट. मधोमध वळणारी बस किंवा सांध्याचा ट्रक मात्र ‘आर्टिक्युलेटेड’; तिथे स्पेलिंगमधला शेवटचा ‘d’ गाळला तर ट्रक छान बोलतो असा अर्थ व्हायचा.