लिम्मा: सॅम्पल कमी असणाऱ्यांसाठी बदललेल्या जीन्सची क्रमवार यादी लावायचं आर मधलं फुकट पॅकेज

सांगलीतली बायोटेकची पोरं सारखी विचारतात की डिफरन्शियल एक्स्प्रेशनला, म्हणजे दोन गटांत कोणते जीन्स कमी-जास्त चालतात ते शोधायला, काय वापरू, तर सॅम्पल कमी असतील तर लिम्मा घ्या, आधीच सांगून टाकते. फक्त त्याच्या निकालाच्या टेबलातल्या बी नावाच्या कॉलमवर भाळू नका, त्याचं खाली लिहिलंय.

आमचा डेटा असा: तासगाव भागातल्या तीन द्राक्षबागा, प्रत्येक बागेतलं एक निरोगी पान आणि एक डाऊनी (केवडा रोग) आलेलं, एकूण सहा सॅम्पल, कारण सिक्वेन्सिंगचं बिल बघितलं की गाईडचा चेहरा बघवत नाही. द्राक्षाचे जीन्स धरा ३० हजारांच्या आसपास. एवढ्यांवर साधी टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) लावली तर काहीही फरक नसताना सुद्धा पाच टक्के, म्हणजे दीड हजार जीन्स सिग्निफिकंट म्हणून पुढं येणार, आणि यादीत वर कोण बसतं तर ज्यांचा फरक चिमूटभर पण आकडे चुकून एकसारखे आले म्हणून व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, जवळजवळ शून्य दिसतो असले फालतू जीन्स.

इथं लिम्मातलं ई-बेज (एम्पिरिकल बेज) हे फंक्शन कामाला येतं. एका जीनचा व्हेरियन्स त्याच्या एकट्याच्या आकड्यांवर न ठरवता सगळ्या जीन्सवरनं प्रायर, म्हणजे आधीचा अंदाज, काढायचा आणि प्रत्येकाला थोडं त्या बाजूला ओढायचं. बेदाण्याच्या सौद्यात एक बॉक्स झकास निघाला म्हणून अख्ख्या लॉटला कोणी चढा दर देत नाही, बाकी माल कसा आलाय तेही बघतात, तसंच. बागेचा फरक मॉडेलमधे घातला की आमच्याकडं २ डिग्री ऑफ फ्रीडम (व्हेरियन्सच्या अंदाजासाठी उरलेली माहिती) उरतात आणि पाच टक्क्यांच्या लेव्हलला टी, म्हणजे टेस्टचा आकडा, ४.३० च्या वर लागते. समजा प्रायरनं ५ डिग्री दिल्या तर ७ होतात आणि २.३६ च्या पुढं गेलं की भागतं. एवढ्यानं हातात काहीतरी लागतं हो!

प्रायर त्याच डेटातनं काढतात म्हणून कट्टर बेजवाले नाक मुरडतील, मुरडू देत. सगळं सरळ फॉर्म्युल्यात बसतं, सिम्युलेशन वगैरे नाही, त्यामुळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर चहा गार व्हायच्या आत टेबल येतं. गॉर्डन स्मिथनी २००४ मधे ही पद्धत मांडली, लोन्स्टेट आणि टेरी स्पीड यांच्या २००२ च्या कामावर. ते सगळं मायक्रोअॅरे या जुन्या चिपवरच्या मोजणीसाठी होतं, आरएनए-सेकसाठी, म्हणजे सिक्वेन्सिंगनं आरएनए मोजायच्या आमच्यासारख्या डेटासाठी, लिम्मातलं वूम हे फंक्शन २०१४ ला आलं. वूम चालवायच्या आधी कमी काउंटवाले (फार कमी वेळा मोजले गेलेले) जीन्स काढून टाका, नाहीतर प्रायरच बिघडतो.

आता बी. हा म्हणजे जीन खरंच बदललाय याचे लॉग-ऑड्स (शक्यतेच्या गुणोत्तराचा लॉग), शून्य म्हणजे फिफ्टी-फिफ्टी, १.५ म्हणजे साधारण ८२ टक्के. ऐकायला भारी, पण आतमधे आधीच धरलेलं असतं की १ टक्काच जीन्स बदललेत. डाऊनी लागलेल्या पानात एवढेच बदलले असतील? मला नाही वाटत. बरं, ते प्रमाण बदललं तर सगळ्यांचे बी साधारण सारखेच वरखाली होतात, क्रम जवळपास तोच राहतो, म्हणजे रँकिंगला चालेल पण "८२ टक्के खात्री" असं थिसिसमधे लिहू नका, तिथं अॅडजस्टेड पी-व्हॅल्यूच (हजारो टेस्ट एकदम केल्याचा हिशोब धरून सुधारलेली) द्या. आणि निकाल दाखवणारं टॉपटेबल हे फंक्शन न सांगता दहाच ओळी दाखवतं, नवीन पोरांना वाटतं दहाच जीन्स मिळाले.

अजून एक, वरचा नंबर म्हणजे मोठा फरक असं नाही. लॅबमधे क्यूपीसीआरला (एकेक जीन वेगळा मोजून खात्री करायला) नेण्यासारखा बदल हवा असेल तर ई-बेजऐवजी लिम्मातलंच ट्रीट चालवा, त्यात किमान किती पट फरक हवा ते देता येतं, मग बी कॉलम गायबच होतो, बरंच आहे. फोल्ड चेंजच्या, म्हणजे किती पट बदल झाला त्याच्या, आकारावरच यादी लावायची असेल तर मात्र डीईसेक-२ या दुसऱ्या पॅकेजमधलं एपग्लम श्रिंकेज (बेभरवशाचे फरक शून्याकडं ओढायची पद्धत) मला जास्त सोयीचं वाटतं.

मॅन्युअल शंभरावर पानांचं आहे पण पेअर्ड सॅम्पलचं उदाहरण त्यात आहे, तेवढं वाचलं तरी आमच्यासारख्या डिझाइनला पुरतं. पाचपैकी साडेचार, अर्धा बी साठी कापला.