बाथ ते रेडिंग: केनेट अँड एव्हॉन कालव्याच्या काठाने तीन दिवसांचा सायकल प्रवास

आपल्याकडे कालवा म्हटले की पाटाचे पाणी, उसाचे मळे आणि पाण्याची पाळी आठवते. इंग्लंडमधले जुने कालवे मात्र मालवाहतुकीसाठी खणलेले आहेत, आणि काठावरून चालणाऱ्या घोड्याने दोराने नाव ओढायची असल्यामुळे त्यांच्या कडेने सलग वाट राखलेली असते. तिला टोपाथ म्हणतात. आज घोडे नाहीत, पण वाट आहे. तिच्यावर सायकल चालवायला पैसे पडत नाहीत आणि परवानाही लागत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस मी बाथहून रेडिंगपर्यंत केनेट अँड एव्हॉन कालव्याच्या सोबतीने तीन दिवस सायकलने गेलो, त्या वाटेचे हे परीक्षण आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिस्टल ते रेडिंग असा हा जलमार्ग ८७ मैलांचा, म्हणजे सुमारे १४० किलोमीटरचा असून त्यावर १०५ लॉक, म्हणजे दरवाज्यांमधले पाणी वरखाली करून नाव चढवणारे-उतरवणारे कप्पे, आहेत. जॉन रेनी या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो १८१० मध्ये पूर्ण झाला. पुढे रेल्वे आली, १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनेच तो विकत घेतला आणि हळूहळू त्याची रया गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचे बरेच भाग कोरडे पडले होते. स्वयंसेवकांनी अनेक वर्षे गाळ उपसून आणि दरवाजे बदलून तो पुन्हा वाहता केला, आणि १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. सध्या त्याची देखभाल कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था करते. हे सांगण्याचे कारण असे की, ज्या वाटेवरून आपण निर्धास्तपणे जातो ती लोकांनी हट्टाने वाचवलेली आहे, हे प्रवासात पावलोपावली जाणवते.

बाथपासून डिव्हायझेसपर्यंतचा पहिला दिवस सुमारे ३५ किलोमीटरचा आहे आणि या मार्गाचा सर्वांत उत्तम भाग तोच आहे. बाथमधले लॉक मागे टाकल्यावर ब्रॅडफर्ड ऑन एव्हॉनपर्यंत सुमारे १४ किलोमीटर एकही लॉक नाही, त्यामुळे वाट अगदी सपाट राहते. खडी दाबून केलेला पृष्ठभाग चांगला आहे. वाटेत डंडास ॲक्विडक्ट, म्हणजे कालवा वाहून नेणारा पूल, लागतो. नदी आणि रेल्वे खाली, अन् त्यांच्यावरच्या दगडी पुलावर भरलेला कालवा आणि त्यातून नाव जात आहे, हे दृश्य पाहताना मी अर्धा तास तिथेच थांबलो. पुढच्या ॲव्हनक्लिफ ॲक्विडक्टपाशी वाट काठ बदलते. तिथे सायकलवरून उतरून पुलाच्या खालून पलीकडे जावे लागते. सामान जड असेल तर ती चढउतार जाणवते.

या भागात काठाला लागून लांबच लांब अरुंद नावा उभ्या असतात. त्यांत माणसे बारमाही राहतात. छपरांवर रचलेला सरपणाचा ढीग, कुंड्यांतली रोपे, धुराड्यातून येणारा लाकडाचा धूर आणि वाटेवर निवांत पडलेले कुत्रे, हे सारे त्यांच्या अंगणासारखेच असते. म्हणून इथे वेग अजिबात चालत नाही. पायी चालणाऱ्याचा मान पहिला. पुलाखाली वाट जेमतेम एका सायकलीपुरती असते, समोरचे काही दिसत नाही, तेव्हा दोनदा घंटी वाजवून थांबणे हाच शिष्टाचार आहे. ताशी दहा-बारा किलोमीटरचा हिशेब धरूनच मुक्काम ठरवावेत.

डिव्हायझेसच्या आधी केन हिल येते. दोन मैलांत २९ लॉक आणि २३७ फुटांचा, म्हणजे ७२ मीटरचा चढ. त्यांतले मधले १६ लॉक सरळ रेषेत एकामागून एक टेकडी चढत जातात. दोन लॉकांमध्ये पाणी साठवायला पुरेशी जागा नसल्यामुळे प्रत्येकाच्या बाजूला आडवे तळे खणलेले आहे. नावेला हा चढ पार करायला पाच-सहा तास लागतात. सायकलस्वाराला पंधरा-वीस मिनिटे. मी मात्र एका नावेबरोबर तीन लॉक चढलो. दरवाज्याच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून रेटायचे, आणि दोन्ही बाजूंचे पाणी समपातळीत आल्याशिवाय तो तसूभरही हलत नाही. एकदा पातळी जुळली की तोच अजस्र दरवाजा सहज सरकतो.

तक्रार आहे ती भाड्याच्या सायकलीची. ज्या दुकानातून मी ती घेतली त्यांना मार्ग नीट सांगितला होता, तरी त्यांनी डांबरी रस्त्यासाठीच्या अरुंद टायरची सायकल दिली आणि सोबत जादा ट्यूबही दिली नाही. शरद ऋतूत इथे कुंपणे छाटतात आणि हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे वाटेवर पडतात. ब्रॅडफर्डच्या पुढे मागचे चाक बसले. एका नाववाल्या काकांनी ठिगळे आणि पंप दिला. ट्यूब कालव्याच्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते आम्ही पाहिले, आणि टायरच्या आतून हळूच बोट फिरवले तेव्हा बाभळीच्या काट्यासारखा टणक, अर्ध्या इंचाचा काटा लागला. निदान ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर, दोन ट्यूब आणि पंप या गोष्टी सायकल ताब्यात घेतानाच मागून घ्याव्यात.

डिव्हायझेसनंतर टोपाथचा हट्ट धरू नये. पुढे तो बहुतेक ठिकाणी गवताचा, मुळांचा आणि पावसानंतर निसरडा आहे. नॅशनल सायकल नेटवर्कचा मार्ग क्रमांक ४, जो लंडनहून थेट वेल्समधल्या फिशगार्डपर्यंत जातो, तोही इथे कालवा सोडून प्यूझीच्या खोऱ्यातल्या गाववाटांनी जातो. निळ्या पाटीवरच्या लाल चौकटीतला ४ हा आकडा शोधत राहावे. एक-दोन वळणांवर पाटी झुडपात लपलेली होती, म्हणून नकाशा जवळ हवाच. उत्तरेच्या टेकडीवर १८१२ मध्ये खडूच्या जमिनीत कोरलेला ऑल्टन बार्न्सचा पांढरा घोडा बराच वेळ दिसत राहतो. कुंपणांवर ब्लॅकबेरी इतकी लगडली होती की करवंदीच्या जाळीची आठवण झाली, आणि बोटे तशीच जांभळी झाली.

क्रॉफ्टनच्या पंपघरासाठी मात्र वाट वाकडी करावीच. कालव्याचा सर्वांत उंच भाग इथे आहे आणि तिथे पाणी खालून चढवावे लागते. त्यासाठी १८१२ मध्ये बसवलेले बोल्टन अँड वॉट कंपनीचे वाफेचे इंजिन आजही आपल्या मूळ जागी आहे आणि ठरावीक दिवशी चालवतात. रोजचे काम आता विजेचे पंप करतात. मी गेलो तो दिवस वाफेचा नव्हता. तारखा आधी पाहून बेत आखला असता तर ही एक चुकचुक राहिली नसती.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये, पण वेळ सांभाळावी. गावच्या पबमध्ये सूप आणि भाजलेला बटाटा बहुधा मिळतो, मात्र दुपारी दोन-अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होते. मी सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिचाच आधार झाला. मुक्काम डिव्हायझेस आणि हंगरफर्ड इथे केले. सायकल रात्री कुलपात ठेवायची सोय आहे का, हे खोली ठरवतानाच विचारावे.

हंगरफर्ड ते रेडिंग हा शेवटचा दिवस लांब आणि थोडा एकसुरी आहे. न्यूबरीनंतर महामार्गाचा आवाज वारंवार कानी पडतो. तरी थॅचमजवळचा मंकी मार्श लॉक चुकवू नये: त्याच्या भिंती दगडी नसून उतरत्या आणि गवताच्या आहेत, आणि असे लॉक या कालव्यावर आता दोनच उरले आहेत. रेडिंगमध्ये शिरताना पाणी थेट बाजारपेठेच्या मधून जाते आणि तिथे नावांसाठी चक्क सिग्नल आहे. नाववाला काठावरचे बटण दाबून हिरव्या दिव्याची वाट पाहतो. परतीसाठी बाथ आणि रेडिंग एकाच मुख्य रेल्वेमार्गावर आहेत, परंतु गाडीत सायकलींच्या जागा मोजक्या असतात, तेव्हा त्यांचे आरक्षण तिकिटाबरोबरच करून ठेवावे.