वायरलेस सेन्सर घेताय? आधी बॅटरी काढून बघा

औषधांच्या कोल्ड रूमचं तापमान दूरवरून बघता यावं म्हणून आम्ही वायरलेस सेन्सर बसवून घेतले. विक्रेत्याने अचूकता ±०.१ अंश सांगितली, प्रत्येक नगाबरोबर कॅलिब्रेशनचं, म्हणजे प्रमाण उपकरणाशी ताडून बघितल्याचं, प्रमाणपत्र दिलं. मोबाइलवर आकडे येऊ लागले.

संशय आला तो आलेखामुळे. डीफ्रॉस्ट, म्हणजे कूलिंग कॉइलवरचा बर्फ वितळवणं, सुरू झालं की खोलीचं तापमान थोडं चढतं, मग उतरतं. एका सेन्सरचा आलेख मात्र तासन्‌तास सपाट. त्याची बॅटरीच काढून ठेवली, तरी स्क्रीनवर तोच आकडा, आणि वेळ ताजी! सिग्नल तुटला की सॉफ्टवेअर शेवटचंच रीडिंग नवी वेळ घालून नोंदवत होतं. जाब विचारला तर उत्तर मिळालं, "मधे गॅप दिसला की ग्राहक तक्रार करतात." बहुतेक लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. तिथे अशी खोटी नोंद म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ आहे, आणि याचा मला अजून संताप येतो.

मग सेन्सर उघडला. आतल्या तापमान मोजणाऱ्या चिपवर डीएस१८बी२० असं मॉडेलचं नाव छापलेलं. अस्सल चिपची अचूकतासुद्धा −१० ते +८५ अंशांच्या पट्ट्यात ±०.५ अंशच असते. १२ बिटवर, म्हणजे सर्वांत बारीक सेटिंगवर, ती ०.०६२५ अंशाचा फरक दाखवते, पण म्हणून आकडा तेवढा बरोबर असतो असं नाही. विक्रेत्याने ही बारीक पायरीच अचूकता म्हणून खपवली. त्यात या चिपच्या नकला सर्रास मिळतात. कुटलेला बर्फ आणि डिस्टिल्ड वॉटर यांच्या घट्ट मिश्रणात सेन्सर बुडवले, तर शून्याच्या आसपास यायला हवं होतं. काही एक अंशाहून जास्त भरकटले.

प्रमाणपत्रांवर फक्त अनुक्रमांक वेगळे, रीडिंग शेवटच्या अंकापर्यंत सारखी. कोणत्या प्रमाण उपकरणाशी तुलना केली आणि मापनातली अनिश्चितता किती, याचा उल्लेखच नाही. आयएसओ/आयईसी १७०२५ (कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात या दोन्ही गोष्टी असतात.

शेवटचा हप्ता देण्याआधी विक्रेत्यासमोर बॅटरी काढा. ठरलेल्या वेळेत "संपर्क तुटला" असा इशारा यायलाच हवा. पॅकेट क्रमांकासह, म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक संदेशाच्या क्रमांकासह, कच्चा डेटा मिळेल, हे करारातच लिहून घ्या. आमचा विक्रेता तो द्यायला आजही तयार नाही.