लॉट की लॉटरी: शोनेबेकला रायफल तपासून घेतली त्याची हकिकत

तीन वर्षं मी आधी ट्रिगरला नावं ठेवली, मग चष्म्याच्या नंबरला, मग स्वतःच्या खांद्याला. काडतुसांवर संशय घ्यायचं सुचलं ते सगळ्यात शेवटी. आणि ती तपासून देणारी जागा निघाली माझ्या घरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर! जर्मनीतल्या मॅग्डेबुर्गहून एल्बे नदीच्या काठाने दक्षिणेला आलं की शोनेबेक लागतं. तिथे लापुआ कंपनीची पॉइंट टू-टूची (०.२२ इंची रायफलीची) काडतुसं बनतात, आणि त्याच आवारात त्यांचं टेस्ट सेंटर आहे. अपॉइंटमेंट घ्यायची, आपली रायफल न्यायची, ती यंत्रात बसवून वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेली, काडतुसं झाडून बघतात आणि तुमच्या बॅरलला कुठला लॉट मानवतो ते आकड्यांत दाखवतात. हवा तो लॉट मग विकत घ्यायचा.

मी मूळचा किर्लोस्करवाडीचा. आयुष्य मशीन शॉपच्या क्वालिटीत गेलं, इथेही इन्स्पेक्शनलाच आहे. रायफल पहिल्यांदा हातात आली ती एनसीसीत, पाच राउंड मिळायचे तेवढ्यापुरती. इथे आल्यावर गावातल्या शूटिंग क्लबात नाव घातलं, वर्षभर नियमाने जाऊन परवान्याची पात्रता मिळवली, परीक्षा दिली, लोखंडी कपाट घेतलं आणि मग एक जुनी अन्शुट्झ १९०७ घेतली. माझ्या आधी तिचे दोन मालक झालेत. मी ५० मीटर प्रोन मारतो, म्हणजे पालथं पडून. ऑलिम्पिकमध्ये तो प्रकार रिओनंतर राहिला नाही, पण आमच्यासारख्या पोट सुटलेल्यांना तोच बरा.

ज्यांना हे सगळं खूळ वाटतंय त्यांच्यासाठी थोडं. पॉइंट टू-टू हे रिमफायर काडतूस, म्हणजे दारू पेटवणारा मसाला असतो तो बुडाच्या कडेत, ओला असताना फिरवून पसरवलेला. मोठ्या रायफलीचं काडतूस हौशी माणूस घरी पुन्हा भरू शकतो, दारू कमी-जास्त करून आपल्या बॅरलला जुळवून घेऊ शकतो. इथे तो मार्गच नाही. कारखान्याने दिलं ते घ्यायचं, हातात फक्त निवड. गोळी शिशाची, अडीच ग्रॅमच्या थोडी वर, वरून वंगण लावलेली. तेच मशीन, तीच रेसिपी, तरी या आठवड्याचा माल आणि पुढच्या आठवड्याचा माल सारखा वागत नाही. त्यात प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. नुसता वेगाचा हिशोब करून बघा: गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाते. त्यात दहा मीटरचा फरक पडला की ५० मीटरवर ती सुमारे सात मिलिमीटर वर-खाली लागते. आमच्या टार्गेटवरचा दहाचा गोल आहे १०.४ मिलिमीटरचा. गोळीची कडा त्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडलं तर दहा, बाहेर पडलं तर नऊ. म्हणजे ग्रुप, गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, केंद्र-ते-केंद्र १६ मिलिमीटरच्या आत असेल तरच न चुकणाऱ्या माणसाला सगळे दहा मिळू शकतात. हे गणित मी जाण्याआधीच मांडून ठेवलं होतं. क्वालिटीवाला आधी टॉलरन्स बघतो, मग जॉब.

गुरुवारी रजा टाकली. बायको आणि मुलगा बरोबर आले, पण त्यांना मी बाड झाल्त्सेलमेनला सोडलं. शोनेबेकचाच भाग आहे तो. तिथे लाकडी सांगाड्यात काटेरी फांद्यांच्या भिंती रचल्यात आणि वरून खारं पाणी झिरपत असतं. लोक शेजारून खोल श्वास घेत फिरतात. बायको म्हणाली, हर्णैच्या बंदरावरचा वास, फक्त मासे वजा.

चाचणी घेणारे गृहस्थ पन्नाशीचे, कमी बोलणारे. रायफल हातात घेतली, बोल्ट काढला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे बॅरलमध्ये बोअरस्कोप, म्हणजे नळीत घालायचा बारीक कॅमेरा, घातला. स्क्रीन माझ्याकडे वळवली. चेंबर संपतं तिथे, जिथून आटे सुरू होतात, तिथे काजळीचं एक काळं कडं बसलं होतं. चुलीवरच्या पातेल्याच्या काठाला बसतं तसं, घट्ट आणि किंचित चकाकणारं. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटची साफ कधी केली?" मी म्हणालो, परवाच. खरंच केली होती, दोन फडकी ओढून. त्यांनी मान हलवली. ब्राँझचा ब्रश, सॉल्व्हंट, दहा मिनिटं वाट, पुन्हा ब्रश, पुन्हा स्कोप. कडं जायला अर्धा तास गेला. माणूस एक शब्द टाकून बोलला नाही, पण कारखान्यात मी लोकांचे गंजलेले गेज असेच बघत असतो, तेव्हा त्या मान हलवण्याचा अर्थ मला पुरेपूर कळला.

मग स्टॉक, म्हणजे रायफलीचा दस्ता, काढला. नुसती अॅक्शन (बोल्ट बसतो तो भाग) आणि बॅरल यंत्रात आवळली. आपल्या बेंच वाइसचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणा. बोगद्याच्या टोकाला इलेक्ट्रॉनिक टार्गेट. प्रत्येक नव्या लॉटच्या आधी काही गोळ्या फुकट जातात, कारण आधीच्या काडतुसाचं वंगण बॅरलमध्ये असतं, ते निघून नव्याचा थर बसावा लागतो. मग दहा गोळ्या मोजणीच्या. एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये ठेवायचं, बोल्ट लावायचा, सोडायचं. ठक. स्क्रीनवर ठिपका. ठक. ठिपका. आवाज बॅडमिंटनच्या फटक्याएवढासुद्धा वाटत नाही, कानाला मफ असतात म्हणून.

आणलेली काडतुसं त्यांनी तीन पायऱ्यांतली ठेवली होती: सेंटर-एक्स, त्यावर मायडस प्लस, सगळ्यात वर एक्स-अॅक्ट. एकूण तेरा लॉट. चौदावा माझा, घरून नेलेली अर्धी पेटी, वेगळ्याच कंपनीची. माझ्या पेटीने २१ मिलिमीटरचा ग्रुप दिला. म्हणजे मी दगडासारखा निश्चल पडून राहिलो असतो तरी अधूनमधून नऊ पडणारच होते. तीन वर्षांच्या स्कोअरशीट डोळ्यांसमोरून गेल्या, खोटं कशाला बोलू.

पहिल्या फेरीत सेंटर-एक्सचा एक लॉट १३.१ ला आला. सगळ्यांत लहान! पाठोपाठ मायडसचा एक, १४.०. सगळ्यात महाग काडतूस माझ्या बॅरलला मधल्या रांगेतच बसलं. त्यात त्या काडतुसाचा दोष नाही. आमच्या क्लबातल्या एकाच्या फाइनवेर्कबाऊ रायफलीला तेच इतकं आवडतं की तो दुसऱ्याकडे बघत नाही. पण स्वस्त पायरीने बाजी मारली म्हटल्यावर माझ्यातला सांगलीकर खूश झाला. खिशाचा हिशोबही मनात सुरू झाला होता.

इथेच थांबलो असतो तर फसलो असतो. ही या सगळ्या लिखाणातली कामाची गोष्ट आहे, बाकी वाचलं नाही तरी चालेल.

जर्मनमध्ये लॉटला लोस म्हणतात. लॉटरीच्या तिकिटालाही लोसच म्हणतात. दहा गोळ्यांच्या एका ग्रुपवर निवड करणं आणि तिकीट काढणं यात फार अंतर नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि भाताला ते चालतं, कारण एका पातेल्यात सगळी शितं एकाच उकळीत शिजलेली असतात. काडतुसांत मात्र प्रत्येक शीत वेगळं शिजतं. ग्रुपचं माप म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, म्हणजे दहातल्या आठ गोळ्यांनी काय केलं ते त्या आकड्यात येतच नाही. तेरा लॉटमधून सगळ्यात लहान ग्रुप उचलला तर तो चांगला असण्याची जेवढी शक्यता, जवळपास तेवढीच तो त्या दिवशी नशीबवान असण्याची. कारखान्यात एका सॅम्पलवर बॅच पास केली तर माझी नोकरी जाईल, मग पाच हजार काडतुसांची बॅच मी अशी का पास करू?

म्हणून मी पहिल्या चारांचे आणखी तीन-तीन ग्रुप मागितले. वाटलं होतं, कटकट करतील. उलट त्या गृहस्थांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. विजेता सेंटर-एक्स पुढच्या तीन फेऱ्यांत १७.९, १६.४ आणि १८.२. म्हणजे तो १३.१ पाहुणा होता, चहा पिऊन निघून गेला. मायडसचा तो लॉट १४.६, १३.७, १५.१. चारही वेळा सोळाच्या आत. उरलेले दोघे कधी आत, कधी बाहेर. निर्णय तिथेच झाला. कागदावर चारही ग्रुप एकावर एक छापून मिळाले, चाळीस गोळ्यांचं एकच ओबडधोबड फूल.

त्या लॉटच्या दहा ब्रिक घेतल्या. ब्रिकमध्ये पाचशे, म्हणजे पाच हजार काडतुसं, सतरा किलोच्या आसपास वजन. घरी येऊन कपाटात लावताना बायको म्हणाली, "अहो, तांदूळसुद्धा आपण एवढा एकदम आणत नाही." मुद्दा बरोबर आहे, पण आंबेमोहोर पुढच्या महिन्यातही मिळतो. लॉट संपला की संपला. याआधी हाच अनुभव एका दुकानात घेतलाय. वेगवेगळ्या काडतुसांची एकेक पेटी आणली, महिनाभर घासून एक आवडली, परत गेलो तर "तेच आहे, घ्या" म्हणून दुकानदाराने तोच रंग, तेच नाव पुढे केलं. घरी येऊन पेटीच्या कडेचा लॉट नंबर बघितला तर वेगळा. तेव्हा वाटलं होतं, त्याने काय फरक पडतो!

तक्रार म्हणून नाही, पण जाणाऱ्याने ध्यानात ठेवावं असं काही आहे. यंत्रात स्टॉक नसतो. तुमच्या स्टॉकमध्ये अॅक्शन नीट बसलेली नसेल, तर तो दोष इथे दिसणार नाही, आणि घरी गेल्यावर तुम्ही लॉटला दूषणं द्याल. मी स्वतः हे केलं. पहिल्या रविवारी क्लबात ग्रुप वीसच्या वर! रात्रभर तळमळलो. मग लक्षात आलं, स्टॉक परत बसवताना स्क्रू अंदाजाने आवळले होते. टॉर्क रेंच (किती जोर लावला ते मोजणारा पाना) घेऊन दोन्ही स्क्रू ५ न्यूटन-मीटरला आणले आणि पुढच्या रविवारी गाडी रुळावर. तेव्हा जाताना टॉर्क रेंच न्या, स्टॉक काढण्याआधी स्क्रू कितीवर आहेत ते लिहून ठेवा. दुसरं म्हणजे बोगद्यात हवा बंदिस्त असते. जानेवारीत आमच्या उघड्या रेंजवर पारा शून्याच्या खाली असतो, गार काडतूस हळू जातं, तेव्हा खिशात पेटी गरम ठेवूनच मारतो.

आणि फरक किती पडला? साठ गोळ्यांत, दशांश पद्धतीने (एका गोळीला कमाल १०.९), मी सहाशेच्या आसपास असायचो. आता ६०४ ते ६०६. कमाल असते ६५४. म्हणजे पन्नास गुण अजून माझ्याकडे बाकी आहेत, आणि आता बोट दाखवायला कोणी उरलं नाही. पाच गुणांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं क्लबातल्या एका आजोबांनी विचारलं. ते अजून जे हाताला लागेल ते काडतूस मारतात आणि मला हरवतात.

पुण्यातल्या भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून तिच्या बालेवाडीच्या शूटिंग रेंजच्या चकरा वाढल्यात. ती अजून एअर रायफलवर आहे. म्हणाली, "मामा, तुला तेरा लॉटमधून निवडायला मिळालं. इथे पॉइंट टू-टूवाले आयात होऊन जे येईल त्याची वाट बघतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच सांगितलं की पेलेटचंही, म्हणजे एअर रायफलच्या छऱ्यांचंही, असंच असतं: डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं डब्यावर लिहिलेलं असतं, दोन-चार मापांचे डबे मैत्रिणींमध्ये वाटून घ्या, रायफल नीट टेकवून दहा मीटरवर मारा, आणि एका ग्रुपवर भाळू नका, चार मारा. तिने तसं केलं. ४.५० ठरलं, आणि आता डब्यावरचा बॅच नंबर मला व्हॉट्सअॅपवर पाठवून विचारते, "मामा, हा चालेल ना?" जसं काही मला इथून दिसतंय.

कपाटात आता नऊशे काडतुसं राहिलीत. नव्या लॉटसाठी परवा शोनेबेकला मेल टाकला, सप्टेंबरची तारीख मिळालीय. ब्राँझचा ब्रश आणून ठेवलाय. ते काळं कडं आदल्या रात्री मी स्वतः काढणार.